डॉक्टरांनी ज्याचं नाव घेतलं नाही

अस्त्राखानला पोचेपर्यंत वोल्गा दमलेली असते.
शेकडो फाटे फुटतात तिला,
आणि जिथे तिची घाई संपते
त्या धक्क्यावर माझी टपरी आहे:
बिअरचा एक नळ, तीन बाकं,
आणि डोळ्यांतून दोरी ओवलेले वोब्ला मासे,
वारा सुटला की एकमेकांवर टकटकणारे.

मासा निवडताना उन्हासमोर धरावा.
पोटात नारिंगी दिवा दिसला तर गाभोळी आहे.
नाही दिसला तर परत टांगा, मी रागावत नाही.
मग बाकाच्या कडेवर आपटायचा,
धुणं आपटतात तसा, पाठीपोटी,
म्हणजे कातडी सुटते
आणि मांस काचेसारखं, मधाच्या रंगाचं,
धाग्याधाग्याने निघतं.

हे मला रफ्कातने शिकवलं.
एकतीस वर्षं तो खारवायच्या पिंपांशी उभा होता,
बास्कुन्चाकच्या तळ्यातलं मीठ फावड्याने ओढत.
ते मीठ गाढवासारखं ओझं वाहून आणायचा अर्खीप,
म्हणजे त्याचा पडाव. पण तो स्वतःलाच गाढव म्हणतो.
सुट्टी झाली की दोघं इथे.
एक मासा, दोन ग्लास, मग दोन मासे, चार ग्लास,
मग हिशेब माझ्यावर सोडून देत.

मार्चमध्ये एकाच दवाखान्यात, एकाच सकाळी,
अर्खीपचं मीठ बंद झालं
आणि रफ्कातची बिअर.

तीन शनिवार ते आले नाहीत.
चौथ्या शनिवारी आले,
एक मासा घेतला, एक ग्लास घेतला,
आणि मधोमध ठेवून बघत बसले,
जसं कुणाचं तरी सामान सांभाळतायत.

मग रफ्कातने मासा आपटला. अर्खीपने ग्लास उचलला.
"सांग," रफ्कात म्हणाला.
"थंड आहे."
"ते मलाही दिसतंय. नीट सांग."
अर्खीपने ओठ पुसले.
"राईच्या पावाची करपलेली कड असते ना,
आई आपल्याला मारून हातातून घ्यायची, ती.
ती कुणीतरी पाण्यात बुडवून ठेवलीय.
आणि मागून कडू येतं,
पण भांडायला नाही, नुसतं भेटायला.
आता तू."

रफ्कात बराच वेळ चघळत राहिला.
"आधी लाकूड," तो म्हणाला. "सरळ लाकूड.
मग एकदम जिभेच्या कडांना पाणी सुटतं,
आणि तुझा पडाव दिसतो, अर्धा बुडालेला,
आणि तू वरून ओरडतोयस की मीठ भिजलं.
तेव्हा खरंच भिजलं होतं का रे?"
"नाही," अर्खीप म्हणाला. "दोन पोती विकली होती."

चौतीस वर्षांनी कबुली!
रफ्कात इतका हसला की त्याला ठसका लागला,
मी पाणी नेलं तर त्याने ते ढकललं,
म्हणे, पाणी माशाला, मला नको.
मिठाला जागणारा माणूस,
आणि मीठ विकून खाणारा, एका बाकावर.

तेव्हापासून दर शनिवारी असंच चालतं.
बिअरवाला मिठाशिवाय अळणी घोट गिळतो,
मिठावाला कोरड्या घशाने काळा चहा पितो,
आणि दोघांत मिळून एक माणूस पोटभर होतो.

मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.
पण रफ्कातचं बोट फेसात बुडतं,
आणि अर्खीप वर्तमानपत्राचा तो कोपरा,
जिथे मासा पडला होता,
बातमी वाचल्यासारखा तोंडाजवळ नेतो.
मी पाठ फिरवते, नळ पुसत बसते.
दोघांच्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत.

शेवटी माशाच्या पोटातला हवेचा फुगा उरतो.
अर्खीप काडी पेटवतो, रफ्कात फुगा धरतो,
तो चुरचुरतो, काळा पडतो, आक्रसतो,
आणि ते त्याचे दोन तुकडे करतात, नखाएवढे.
यावर डॉक्टर काहीच बोलले नव्हते.
विचारलं नव्हतं तर बोलणार कसे.